नदी म्हणायची की नाला?
बोरिवली-दहिसरच्या नदीकाठची गोष्ट

आज आम्ही तुमच्याशी बोलतोय मुंबईच्या उपनगरातून, बोरिवलीच्या पुढं, दहिसर नदीच्या काठावरून. आम्ही म्हणजे इथल्या वस्तीतल्या बचत गटाच्या बारा बाया. कुणी घरकामाला जाते, कुणी पोळी-भाजीचे डबे करते, एकजण अंगणवाडीत मदतनीस आहे. आमच्यातल्या बऱ्याच जणी सातारा, रत्नागिरी, जालना, परभणीकडच्या गावांतून लग्न होऊन इथं आल्या. म्हणून तुमच्याशी बोलताना आम्हाला माहेरी बोलल्यासारखं वाटतं.

गोष्ट अशी सुरू झाली. आमच्या गटातल्या एकीच्या मुलीला शाळेतून निबंध लिहायला सांगितला होता, ‘आमच्या परिसरातील नदी’. पोरगी आईला विचारते, "आई, आपल्याकडं कुठली नदी आहे?" आई पीठ मळत होती. ती म्हणाली, "आपल्याकडं कसली आलीय नदी? नाला आहे तो मागं." हे आमच्या गटातल्या सगळ्यांत थोरल्या आजींनी ऐकलं आणि त्या चिडल्याच. म्हणाल्या, "नाला नाही गं बाई, नदी आहे ती. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा हिच्या पाण्यात गोधड्या धुतल्यात. पोरांना आंघोळी घातल्यात."

आम्ही गप्प झालो. ज्या पाण्याकडं आम्ही नाक दाबून बघतो, त्यात कुणी गोधड्या धुतल्या असतील हे खरंच वाटेना. मग गटाच्या बैठकीत ठरवलं की ही नदी आहे की नाला, याचा छडा लावायचा. म्हाताऱ्या माणसांना विचारलं, शाळेतल्या बाईंकडून पुस्तकं आणली, चार रविवार पायी हिंडलो. जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

नदी येते कुठून?

मुंबईत समुद्र आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मुंबईच्या उपनगरात चार नद्या आहेत, हे आमच्यातल्या कुणालाच धड माहीत नव्हतं. दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी. चारही नद्या एकाच डोंगररानातून निघतात. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागून असलेली आरेची जमीन, हे ते रान. शंभर चौरस किलोमीटरपेक्षा थोडं जास्त जंगल भर शहरात उभं आहे. पावसाळ्यात इथं दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. डोंगर तो पाऊस धरून ठेवतो आणि हळूहळू खाली सोडतो. त्यातून या नद्या होतात.

आमची दहिसर नदी तुळशी तलावाच्या बाजूला उगम पावते. जंगलातून उतरते, बोरिवली पूर्वेला वस्तीत शिरते, महामार्गाखालून, मग रेल्वेच्या रुळांखालून जाते, दौलतनगर, दहिसर गावठाण, कांदरपाडा करत मनोरीच्या खाडीला मिळते. सगळी मिळून सुमारे बारा किलोमीटर. तुमच्याकडच्या कृष्णा-गोदावरीपुढं ही म्हणजे पोरगीच. नाशिक, वाई, पैठण, किंवा दक्षिणेत कावेरीकाठचं कुंभकोणम, अशा गावांत नदीला घाट असतात, देवळं असतात, जत्रा भरतात. आमच्या नदीला तसा घाट नाही. पण तिच्या काठानं दोन हजार वर्षांचा संसार झाला आहे.

दगडात कोरलेल्या पोढ्या

उद्यानाच्या फाटकातून आत पाच-सहा किलोमीटर गेलं की कान्हेरीची लेणी लागतात. एका डोंगरात शंभराहून जास्त लेणी. जुन्या काळी या डोंगराला कृष्णगिरी, कान्हगिरी म्हणत. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंनी इथं राहायला सुरुवात केली आणि जवळजवळ हजार वर्षं इथं वस्ती राहिली.

आम्ही आधी सहलीला गेलो होतो तेव्हा मोठ्या मूर्ती बघून परत आलो होतो. या वेळी पाणी बघायला गेलो. आणि बायांनो, आम्ही थक्क झालो. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी दगडात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. त्या टाक्याला शिलालेखांत ‘पोढी’ म्हटलंय. लेण्याच्या डोक्यावर खडकात बारीक चर खोदलेत. पावसाचं पाणी त्या चरांमधून खाली उतरतं आणि थेट टाक्यात जातं. छपराचं पाणी पन्हळीनं पिंपात घेतो ना आपण, तेच, पण अख्ख्या डोंगराचं. शेकडो माणसं वर राहायची आणि उन्हाळ्यात खाली नदीवर हंडे घेऊन पळायची वेळ त्यांच्यावर येत नसणार.

या लेण्यांवर आणि पोढ्यांवर ब्राह्मी लिपीत लेख आहेत. कुणी काय दान दिलं ते त्यात लिहिलंय. आम्हाला वाटलं, राजेरजवाडे असतील. पण बघितलं तर कल्याणचा सोनार, कल्याणचा लोहार, सोपाऱ्याचे, नाशिकचे व्यापारी. आणि बाया! भिक्षुणींनी दिलेली लेणी आहेत, घरगृहस्थीच्या बायांनी दिलेली दानं आहेत. स्वतःच्या नावानं, बहिणीचं, मुलांचं नाव जोडून. आमच्यातली एकजण म्हणाली, "आपल्या घराच्या कागदावर अजून आपलं नाव नाही, आणि त्या बायांचं नाव दोन हजार वर्षं दगडावर आहे."

एका पोढीवरचा लेख मात्र वेगळा आहे. तो सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णी याच्या राणीविषयी आहे. ती महाक्षत्रपाची, म्हणजे शक राजाची मुलगी. सातवाहन आणि शक एकमेकांचे वैरी. या मुलीचे वडील रुद्रदामन असावेत असं अभ्यासक म्हणतात. त्या रुद्रदामनानं गुजरातेत जुनागढला मोठा लेख कोरून घेतला. त्यात तो सांगतो की दक्षिणेच्या सातकर्णीला मी दोनदा हरवलं, पण नातं जवळचं म्हणून त्याला संपवलं नाही. म्हणजे एक लेक दोन वैरी घरांच्या मधे उभी होती. कान्हेरीचा लेख तुटका आहे. तिच्या नवऱ्याचं, तिच्या कुळाचं, पोढी देणाऱ्या अमात्याचं नाव त्यात आहे. तिचं स्वतःचं नाव मात्र उरलेलं नाही. ही गोष्ट आम्ही वस्तीत सांगितली तेव्हा बऱ्याच जणींना आपलीच वाटली.

अक्षयनीवी : दोन हजार वर्षांपूर्वीचा गट

आता तुमच्या-आमच्या कामाची गोष्ट. कान्हेरीच्या लेखांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, ‘अक्षयनीवी’. नीवी म्हणजे मुद्दल. अक्षयनीवी म्हणजे कधीही न संपणारं मुद्दल. कुणी पैसे ठेवायचं, कुणी शेत द्यायचं. मुद्दलाला हात लावायचा नाही. जे व्याज येईल, शेतात जे पिकेल, त्यातून भिक्षूंना वस्त्र द्यायचं, पावसाळ्याच्या मुक्कामाचा खर्च भागवायचा. अशा ठेवी त्या काळी व्यापारी-कारागिरांच्या संघांकडं, ज्यांना ‘श्रेणी’ म्हणत, ठेवल्या जात. नाशिकच्या लेण्यांत तर विणकरांच्या श्रेणीकडं पैसे ठेवल्याची नोंद आहे, व्याजासकट.

आपण गटात काय करतो? महिन्याला शंभर-दोनशे टाकतो, मुद्दल सांभाळतो, अंतर्गत कर्जाचं व्याज वाटतो. आम्हाला वाटायचं, बचत गट ही अलीकडची सरकारी कल्पना. तिची आजी-पणजी आमच्याच डोंगरावर बसली आहे!

यातल्या एका लेखात ‘मंगलथान’ नावाच्या ठिकाणच्या शेताचा उल्लेख आहे. हे मंगलथान म्हणजे आजचं मागाठाणे. आमच्या बोरिवली पूर्वेला आहे. तिथं आता बसचा डेपो आहे, मेट्रोचं स्टेशन आहे, आणि मागाठाण्याची जुनी लेणी घरांच्या दाटीत दिसेनाशी झालीत. आमच्यातल्या दोघी रोज मागाठाण्यात कामाला उतरतात. त्या म्हणाल्या, "म्हणजे आम्ही रोज त्या दानाच्या शेतावरूनच चालतो की!"

एवढंच नाही. पुढं नवव्या शतकात राष्ट्रकूट राजे आणि त्यांचे कोकणातले शिलाहार मांडलिक यांच्या काळातही कान्हेरीला ठेवी मिळाल्या. आणि इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये इथं आलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावं खडकावर कोरून ठेवलीत. हजार वर्षांपूर्वीचे पाहुणे!

काठावरची गावं

नदीबरोबर खाली उतरलं की बोरिवली पश्चिमेला मंडपेश्वरची लेणी आहेत. हे शंकराचं लेणं साधारण सहाव्या शतकातलं. शिव-पार्वतीचं लग्न, नाचणारा शिव कोरलेला आहे. सांगतात की पूर्वी दहिसर नदी या लेण्याच्या अगदी पायथ्याशी वाहायची, पुढं तिनं वाट बदलली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले तेव्हा त्यांनी याच लेण्यात प्रार्थनाघर केलं आणि वर मठ बांधला. आजही एका दगडी भिंतीवर मोठा क्रूस कोरलेला दिसतो, आणि आत शंकराची पूजाही चालते. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांच्या मराठी फौजेनं साष्टी आणि वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांचा इथला अंमल संपला. १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी त्यांच्याकडं गेली. साष्टी म्हणजे वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंतचं हे सगळं बेट.

जवळच एकसर गावात वीरगळ आहेत. उंच दगडांवर जहाजांची लढाई कोरली आहे. वल्ही मारणारे सैनिक, बुडणारी माणसं, वर माळा घेऊन उभ्या अप्सरा. शिलाहार आणि यादव यांच्या लढाईच्या आठवणीचे ते दगड, असं मानतात. ते बघताना आमच्या आजी म्हणाल्या, "लढून मेला त्याचा दगड झाला. रोज पाणी भरून घर जगवलं तिचा दगड कुठंय?" आम्ही म्हटलं, "आजी, कान्हेरीला आहे, पोढीवर."

या काठावर माणसंही नाना परीची राहिली. वर जंगलात वारली पाडे आहेत. ते वाघोबाला देव मानतात. बिबट्या आजही या रानात आहे, आणि वाघोबाचं ठाणंही आहे. शेतकरी कुणबी, आगरी, खाडीकाठी कोळी, मीठ पिकवणारे मिठागरांवरचे मजूर. आणि ईस्ट इंडियन म्हणवणारी इथली मूळची ख्रिस्ती मंडळी. मराठीची एक गोड बोली ते घरात बोलतात. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी ‘उंबराचं पाणी’ आणायचा विधी असतो. बायका-पुरुष वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी आणतात, आणि त्या पाण्यानं नवरा-नवरीला न्हाऊ घालतात. आपल्याकडं हळदीला पाणी आणायला सवाष्णी जातात ना? धर्म वेगळा झाला, पण विहीर सुटली नाही. आता बऱ्याच गावठाणांतल्या विहिरी बुजल्या. मग बादलीतल्या पाण्यावर विधी होतो.

डोंगराचं पाणी शहराला, तुमचं पाणी आम्हाला

मुंबई शहर पूर्वी विहिरी-तलावांचं पाणी प्यायचं. माणसं वाढली, पाऊस लांबला की हाल व्हायचे. म्हणून इंग्रज सरकारनं १८५६ मध्ये विहार तलावाचं काम सुरू केलं. १८६० मध्ये तिथून नळानं शहरात पाणी गेलं. मग १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. दोन्ही आमच्या याच डोंगरात. म्हणजे नळाचं पाणी आधी बोरिवलीच्या रानातून दक्षिण मुंबईला गेलं. इथली गावं मात्र पुढं कितीतरी वर्षं विहिरीवरच पाणी भरत होती.

शहराची तहान तेवढ्यावर भागली नाही. १८९२ मध्ये तानसाचं धरण झालं. मग मोडक सागर, अप्पर वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा. आज मुंबई सात तलावांचं पाणी पिते. त्यातले विहार आणि तुळशी एवढेच मुंबईच्या हद्दीत आहेत. बाकीचे शहापूर, मोखाडा, इगतपुरीकडं.

सख्यांनो, इथं आम्हाला थांबावंसं वाटतं. शहापूर-मोखाड्याकडच्या काही गटातल्या बाया हे वाचत असतील. तुमच्या उशाशी धरण आहे आणि मार्च-एप्रिल उजाडला की तुम्ही टँकरची वाट बघता, डोंगर उतरून झऱ्यावर वाटी-वाटीनं हंडा भरता, हे आम्ही बातम्यांत वाचतो. आमच्या नळाला दिवसातून थोडा वेळ पाणी येतं, दाब कमी असला की आम्ही भांडतो. पण ते पाणी येतं कुठून, हे चार महिन्यांपूर्वीपर्यंत आम्ही कधी विचारलं नव्हतं. आपली नदी आम्ही घाण केली आणि शंभर किलोमीटरवरून तुमचं पाणी मागवलं. हे कबूल केल्याशिवाय पुढं बोलणं बरं नाही.

नदीचा नाला कसा झाला?

१८६७ मध्ये विरारहून मुंबईला गाडी सुरू झाली. तरी बोरिवली खेडंच होतं. ठाणे जिल्ह्यातला तालुका. भातशेती, बोरीची झाडं, मिठागरं. १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंतची गावं बृहन्मुंबईत आली. त्यानंतर इमारती वाढल्या, कारखाने आले, गोठे वाढले. गावाकडं दुष्काळ पडला, गिरण्यांचा संप झाला, तशी माणसं मिळेल तिथं राहायला आली. नदीच्या काठची जागा कुणाच्या नावावर नव्हती. तिथं आमच्यासारख्यांच्या झोपड्या उठल्या.

आजी सांगतात, आधी नदीत गोठ्यांचं शेण आलं. मग इमारतींचं मैलापाणी आलं. मग प्लास्टिक आलं. मासे दिसेनासे झाले. बायकांनी कपडे धुणं सोडलं. मुलांना आया ओरडायला लागल्या, ‘त्या घाणीत जाऊ नका.’ आणि एक दिवस कुणीतरी ‘नाला’ म्हणालं. पुढं सगळेच म्हणायला लागले. नाव बदललं तशी लाजही गेली. नदीत कचरा टाकताना हात जरा तरी थबकतो. नाल्यात टाकताना नाही थबकत. खरं सांगतो, आम्हीही टाकलाय. गणपतीचं निर्माल्य पिशवीसकट टाकलंय.

मग आली २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. वर्षभराच्या पावसाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त पाऊस एका दिवसात! चारही नद्या आपापल्या जुन्या जागा शोधत निघाल्या. जिथं भराव टाकला होता, भिंती घातल्या होत्या, घरं बांधली होती, तिथं शिरल्या. आमच्या वस्तीत दुपारी पाणी उंबऱ्याला लागलं आणि संध्याकाळी माळ्यावर. आम्ही मुलांना घेऊन शेजारच्या इमारतीच्या जिन्यात रात्र काढली. त्या इमारतीतल्या बायांनी चहा दिला, चादरी दिल्या. सकाळी घरी आलो तर तांदळाच्या डब्यात चिखल, मुलांची दप्तरं भिजून लगदा, रेशनकार्ड वाहून गेलेलं. आमच्या गटाची वही मात्र वाचली. कोषाध्यक्ष ताईंनी ती पोटाशी बांधली होती. त्या वहीवरूनच पुढच्या महिन्यात सगळ्यांना भांड्यांसाठी कर्ज दिलं. आज वाटतं, ती आमची अक्षयनीवी.

भिंत, घर आणि नदी

पुरानंतर मिठी नदीची खूप चर्चा झाली. तिच्यासाठी वेगळं प्राधिकरण झालं. बाकी नद्यांचाही गाळ काढायला सुरुवात झाली, काठाला उंच भिंती झाल्या. गेल्या काही वर्षांत उपनगरातल्या नागरिकांनी या चार नद्यांसाठी ‘रिव्हर मार्च’ काढले, हजारो माणसं पायी चालली. आम्हीही त्यात होतो.

पण एक गोष्ट तिथल्या भाषणांत कमी बोलली जाते. नदीला तिची जागा परत द्या, असं सगळे म्हणतात. आम्हीही म्हणतो. म्हणताना आमचा जीव खालीवर होतो. कारण नदीची जागा म्हणजे आमच्या घराची जागा. काठावरच्या काही कुटुंबांना दूरच्या उपनगरात घरं मिळाली. घर पक्कं, पण घरकामाची चार घरं सुटली, मुलींची शाळा सुटली, रोजच्या प्रवासाला पैसे पुरेनात. त्यातल्या दोघी परत इथंच भाड्यानं राहायला आल्या. नदीही जगली पाहिजे आणि आम्हीही. यातला एकच निवडा, असं सांगणाऱ्याला आम्ही विचारतो, मैलापाणी सोडणाऱ्या उंच इमारतींना कुणी निवडायला सांगितलं का?

म्हणून आम्ही गटात तीन ठराव केले. एक, आमच्या गल्लीचा कचरा नदीत जाणार नाही. ओला कचरा वेगळा ठेवतो, निर्माल्य कलशातच टाकतो. दुसरा, पुनर्वसनाची कुठलीही बैठक असली की गटातल्या दोघी जाणार, आणि ‘घर इथंच जवळ द्या’ हे लेखी मागणार. तिसरा, नदीला नदीच म्हणायचं. अर्जात, भाजीवालीशी बोलताना, रिक्षावाल्याला पत्ता सांगताना. पहिल्या दोन ठरावांना वेळ लागतोय. गल्लीत अजून चार घरं ऐकत नाहीत. तिसरा मात्र मुलांनी लगेच उचलला. आता कुणी ‘नाला’ म्हटलं की पोरंच टोकतात.

तुम्हाला एक विनंती

सख्यांनो, आमची नदी वरती जंगलात अजून स्वच्छ आहे. आम्ही तिथं गेलो तेव्हा दगडांमधून पाणी खळखळत होतं, तळ दिसत होता. आजींनी वाकून ओंजळीत घेतलं आणि डोळ्यांना लावलं. तेच पाणी पाच किलोमीटर खाली काळं होतं. म्हणजे नदी वाईट नव्हती. वाटेत आम्ही भेटलो.

तुमच्या गावचा ओढा, झरा, नदी अजून आमच्यासारखी झाली नसेल. तर गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. गावातल्या थोरल्या बाईला विचारा, पूर्वी पाणी कुठं कुठं होतं, कुठल्या महिन्यापर्यंत टिकायचं, कुठले मासे, कुठल्या भाज्या काठावर मिळायच्या. ते लिहून काढा. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. तुमचं हे लिखाण त्या नोंदवहीत घालायला सांगा. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. तिथं हा विषय मांडा, ठराव लिहून घ्या. कागदावर नाव असलं की नदीला उद्या कुणी सहज नाला म्हणू शकत नाही. आमच्याकडं तसा कागद कुणी वेळेवर केला नाही. आम्हाला दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडांवर जाऊन वाचावं लागलं.

आणि हो, त्या निबंधाचं काय झालं, हे विचाराल. पोरीनं लिहिला. शीर्षक दिलं, ‘आमची दहिसर नदी’. शेवटी लिहिलं होतं, "माझ्या आजीनं या नदीत गोधडी धुतली. मला पण धुवायची आहे." बाईंनी दहापैकी आठ मार्क दिले. शुद्धलेखनाचे दोन कापले.

गोधडी कधी धुतली जाईल ते माहीत नाही. तोवर आम्ही वही सांभाळून ठेवलीय. तुमच्या नदीचं नाव काय, ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात वाचून दाखवू.

नमस्कार.